घरी बांधलेली गाडी आणि खोलीत चालवायची गाडी

(विज्ञानाचा पाठ. मोठ्या गटाने स्वतः वाचावा, लहानांना आईबाबांनी वाचून दाखवावा.)



या सत्रात विज्ञानाच्या तासाला कोणता विषय घ्यावा, हे आम्ही मोठ्या गटालाच विचारले होते. चिठ्ठ्या उघडल्या, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या गाड्यांच्या निघाल्या! एकीवर लिहिले होते, "मी सिम्युलेटरवर सिल्व्हरस्टोनची फेरी एकदाही न घसरता पूर्ण करतो. मला खरी रेसिंग कार चालवता येईल का?" त्याच दिवशी एका आईने आम्हांला दारातच गाठून विचारले, "त्या स्टिअरिंगपुढे रोज दोन-दोन तास जातात हो. त्यातून काही शिकणं होतं, की नुसताच खेळ?"

दोन्ही प्रश्न आम्हांला आवडले, कारण दोन्हींचे उत्तर एकाच जागी सापडते. गाडी कितीही मोठी असो, तिचे प्रत्येक चाक रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेतच टेकलेले असते. असे चार तळहात. वळायचे, थांबायचे, पळायचे ते सगळे या चार तळहातांच्या पकडीवर. शर्यतीची गाडी बांधणारा माणूस या पकडीसाठी लोखंड कापतो आणि सिम्युलेटर लिहिणारा माणूस याच पकडीची गणिते लिहितो. म्हणून दोघांची गोष्ट एकत्रच सांगतो.

हलकी गाडी

ज्यांचे आजोळ पुणे, सातारा, सांगली भागात आहे, त्यांनी बैलगाडा शर्यतीबद्दल ऐकले असेल. (या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केल्या होत्या. २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला आणि परवानगी कायम राहिली. बैलांच्या हालांबद्दलचा वाद मात्र अजून चालूच आहे.) शर्यतीचा गाडा आणि ऊस वाहणारी गाडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. शर्यतीच्या गाड्याला पाट्या नाहीत, बसायला फळी नाही. चाके, आख आणि हाकणाऱ्यापुरता सांगाडा, एवढेच. बाकीचे सगळे सुताराने काढून टाकलेले असते. ओझे कमी केले की वेग वाढतो, हे कळायला त्या सुताराला कॉलेजात जावे लागले नाही.

कॉलिन चॅपमन मात्र कॉलेजात गेला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामाचे अभियांत्रिकी शिकला. म्हणजे पूल आणि इमारती कशा तोलून धरायच्या ते. १९४८ मध्ये त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीपासून आपली पहिली स्पर्धेची गाडी बनवली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. ही मैत्रीण म्हणजे हेझल, पुढे त्याची पत्नी झाली. १९५२ मध्ये त्याने लोटस कंपनी सुरू केली आणि १९५७ मध्ये लोटस सेव्हन नावाची एक छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी बाजारात आणली. या गाडीला टप नव्हता म्हटले तरी चालेल, आणि दारे तर नव्हतीच.

त्या काळी इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी-कर होता, पण सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या गाडीवर तो नव्हता. म्हणून सेव्हन सुट्या भागांतही मिळत असे. गंमत अशी सांगतात, की भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल असा नियम होता. तेव्हा लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! १९७३ मध्ये करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या आपल्या विक्रेत्याला विकले. ती गाडी केटरहॅम सेव्हन या नावाने आजही मिळते, तयार किंवा सुट्या भागांत. तिच्या सर्वांत हलक्या प्रकाराचे वजन ४४० किलो आहे. तुमच्या घरची गाडी बहुधा १३०० किलोच्या आसपास असेल.

आता एक प्रयोग. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या, टोकांना टाचण्या टोचून चौकोन करा. एका कोपऱ्याला बोटाने ढकला. चौकोन लगेच तिरका होऊन कोसळेल. आता पाचवी काडी कर्णावर लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि आता कितीही ढकला, तो हलत नाही. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात. चौकोनाचे तसे नाही. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांवर सगळीकडे त्रिकोण दिसतात ते यासाठी. चॅपमनने पुलांचे हेच गणित गाडीच्या सांगाड्याला लावले: बारीक पोकळ नळ्या, पण त्यांचे त्रिकोण. सांगाडा हलका झाला आणि ताठही राहिला. ताठ का हवा? वळणावर सांगाडा पिळवटला तर चाके रस्त्याशी भलतेच कोन करतात आणि ते चार तळहात नीट टेकत नाहीत.

हे ज्ञान सामान्य माणसाच्या गॅरेजपर्यंत पोहोचवायचे श्रेय आम्ही रॉन चॅम्पियन या शिक्षकाला देऊ. नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या औंडल शाळेत ते शिकवत. जेमतेम २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बनवावी, यावर त्यांनी १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले. भंगारातली जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आख, ब्रेक काढून घ्यायचे आणि एक इंच जाडीच्या चौकोनी पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा वेल्डिंग करून त्यात ते बसवायचे. या गाडीला 'लोकॉस्ट' असे नाव पडले, म्हणजे स्वस्तातली. या पुस्तकावरून जगभर लोकांनी गाड्या बांधल्या. २५० पौंडांत त्यांतल्या किती झाल्या, हा प्रश्न घरच्या मंडळींना विचारू नये!

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशीच गाडी बांधत आहेत. चार हिवाळे झाले. ते म्हणतात की गाडी बांधण्यातला पाव वेळ कामाचा आणि पाऊण वेळ योग्य मापाचा नट शोधण्याचा. त्यांच्याकडे आम्ही एक गोष्ट पाहिली ती सांगण्यासारखी आहे. पुढच्या चाकाचा दांडा जिथे सांगाड्याला जोडतात, त्या पट्टीचे वेल्डिंग दिसायला अगदी सुबक होते. तरीही त्यांनी ते कापून काढले आणि एका व्यावसायिक वेल्डरकडून पुन्हा करून घेतले. कारण वेल्ड वरून चकचकीत असला तरी धातू आतपर्यंत वितळून एकजीव झाला आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. ती पट्टी ताशी ६० मैलांवर सुटली तर चाक सुटले. आणि त्या गाडीत शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी बसणार आहे.

म्हणूनच इथे ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची सरकारी तपासणी होते. तिला आय. व्ही. ए. म्हणतात. ब्रेक, दिवे, धूर, सीटबेल्ट जिथे पक्के केले त्या जागा, सगळे पाहतात. माणसाच्या अंगाला लागू शकेल अशी बाहेरची प्रत्येक कड गोल केलेली आहे की नाही, हेसुद्धा मोजतात. बऱ्याच गाड्या पहिल्या खेपेला नापास होतात आणि मालक यादी घेऊन घरी परततात. आम्हांला ही यादी फार आवडते. गाडीला मायेने नाव ठेवणाऱ्या मालकापेक्षा तिला ओळखत नसलेला तपासनीस तिच्याकडे जास्त नीट पाहतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही तसेच आहे: स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमची चाचणी दुसऱ्याने घ्यावी.

भारतातलीही एक आठवण इथे हवी. कोइमतूरचे उद्योगपती एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून एका सीटच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. फॉर्म्युला मारुती या नावाने त्या ओळखल्या जातात. परदेशी गाडी आणणे जवळपास अशक्य होते त्या काळात, आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या गाडीच्या इंजिनावर त्यांनी तरुणांना शर्यतीची दारे उघडून दिली. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, या गाड्यांवरूनच पुढे गेला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळची शर्यतीची धावपट्टी त्यांच्याच नावाची आहे.

पकडीचे गणित

शब्द आधी पाहू. बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्याला म्हणतात तुंबा, त्यातून निघणाऱ्या दांड्यांना आरे, आणि चाकावर बाहेरून चढवलेल्या लोखंडी पट्टीला धाव. धाव तापवून लाल करायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसते आणि चाक आवळून धरते. आपला टायर म्हणजे रबराची धावच. फरक इतका, की लोखंडी धाव रस्त्यावरून गडगडते आणि रबराची धाव रस्त्याला धरून ठेवते.

वळणावर गाडीला आतल्या बाजूला ओढणारे बल लागते. ते फक्त टायरच्या घर्षणातून मिळते. घर्षणांक म्यू धरला, गुरुत्वाचे त्वरण ९.८ आणि वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, तर या तिघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे त्या वळणावरचा जास्तीत जास्त वेग. ५० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. कोरड्या डांबरावर म्यू १ धरला, तर ४९० चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर: ताशी ८० किलोमीटर. पाऊस पडला आणि म्यू ०.५ झाला, तर सेकंदाला १५.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर. पकड निम्मी झाली, पण वेग निम्मा झाला नाही. वर्गमुळाची ही करामत आहे.

हुशार मुले आता हात वर करतील: या सूत्रात वजन कुठेच नाही! मग चॅपमनने एवढा खटाटोप का केला? प्रश्न अगदी रास्त आहे. जड गाडीला वळायला जास्त बल लागते, पण ती रस्त्यावर दाबतेही जास्त, त्यामुळे वजन दोन्हीकडून कटते, असे शाळेतले पुस्तक सांगते. रबर मात्र शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे वागत नाही. त्याच्यावरचे ओझे दुप्पट केले तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. समजा १.८ पट झाली. म्हणजे जड गाडी दर किलोमागे तोट्यातच. शिवाय वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरच्या टायरवर ओझे वाढते, आतल्यावरचे कमी होते. बाहेरच्याने मिळवले त्यापेक्षा आतल्याने गमावले जास्त. म्हणून शर्यतीची गाडी हलकी हवी आणि जमिनीलगत बुटकीही हवी.

रबराची दुसरी खोड याहून महत्त्वाची. चाक ज्या दिशेला वळवले आहे, अगदी त्याच दिशेला ते जात नाही. रबर थोडे मुरडते आणि गाडी जराशी तिरकी सरकत वळते. हा तिरकेपणा वाढवत नेला की पकडही वाढत जाते, पण काही अंशांपर्यंतच. त्यानंतर शिखर येते आणि पकड उतरू लागते. चांगला चालक त्या शिखरावर गाडी तोलून धरतो. नवशिक्या एक तर शिखरापर्यंत जातच नाही, नाही तर पलीकडे घसरतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या हान्स पासेयका यांनी १९८० च्या दशकात हा चढउतार एका सूत्रात बसवला. ते सूत्र प्रत्यक्ष मोजमापांशी इतके छान जुळते, पण त्यातले आकडे टायर मोजूनच काढावे लागतात. म्हणून अभियंत्यांनी त्याला 'जादूचे सूत्र' असेच नाव दिले. गाड्यांच्या कितीतरी सिम्युलेटरांच्या पोटात हे सूत्र किंवा त्याचे भाईबंद आहेत.

खोलीतली गाडी

सिम्युलेटरचा जन्म गाडीसाठी झाला नाही, विमानासाठी झाला, आणि तोही वाद्यांच्या कारखान्यात. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. एडविनला विमान शिकायचे होते, पण शिकणे महाग. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते, झडपा आणि पंप वापरून एक खोटे विमान बनवले. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि विमान डुले. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पेटीचा भाता पाहावा, तोच तो. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक या डुलणाऱ्या खोक्यात शिकले.

आज मोठ्या सिम्युलेटरखाली सहा पाय दिसतात, ते लांब-आखूड होतात आणि वरचे व्यासपीठ हवे तसे कलते. ही रचना १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या डनलप कारखान्यात एरिक गॉफ यांनी केली होती, आणि कशासाठी? टायरची चाचणी घेण्यासाठी! पुढे १९६५ मध्ये स्ट्यूअर्ट नावाच्या अभियंत्याने अशाच व्यासपीठावर विमानाच्या सिम्युलेटरसाठी निबंध लिहिला आणि नाव त्याचे पडले. आम्हांला हे जरा अन्यायाचे वाटते.

आता आमच्या धंद्यातला भाग. संगणकाला वळण सलग दिसत नाही. तो काळाचे बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात चारही टायरांवरचे ओझे, तिरकेपणा, पकड काढतो, गाडी किंचित पुढे सरकवतो आणि पुन्हा तेच. आगकाड्या मांडून वर्तुळ करून पाहा. आठ काड्यांचे वर्तुळ ओबडधोबड दिसते, साठ काड्यांचे जवळजवळ गोल. गाडी ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटर जात असेल आणि संगणक सेकंदाला ६० वेळा हिशेब करत असेल, तर दोन हिशेबांमध्ये गाडी ८३ सेंटिमीटर पुढे जाते. मधला लहानसा उंचवटा त्याला दिसणारच नाही. सेकंदाला ३३३ हिशेब केले तर हेच अंतर १५ सेंटिमीटर होते. इटलीच्या कुनोस कंपनीच्या २०१४ च्या असेत्तो कोर्सा या सिम्युलेटरचा वेग एवढाच आहे. पडद्यावरचे चित्र बदलते त्याच्या कितीतरी पट वेळा आतला हिशेब चाललेला असतो.

या क्षेत्रात डेव्हिड केमर या प्रोग्रॅमरचे नाव मोठे. १९९८ च्या त्यांच्या 'ग्रां प्री लेजंड्स' मध्ये १९६७ सालच्या गाड्या होत्या. त्यांत चॅपमनची लोटस ४९ सुद्धा होती. त्या गाड्यांना जमिनीवर दाबून धरणारे पंख नव्हते, टायर अरुंद आणि इंजिन दांडगे. बहुतेक लोक पहिल्याच वळणावर गरगर फिरत आणि वैतागून खेळ बंद करत. तो फारसा खपला नाही, पण ज्यांनी चिकाटी धरली त्यांना पेडल हळुवार दाबायला त्यानेच शिकवले. केमर यांनी पुढे २००४ मध्ये एका भागीदाराबरोबर आयरेसिंग ही कंपनी काढली. तिने खऱ्या धावपट्ट्या लेसरने मोजून, खाचखळग्यांसकट, संगणकात उतरवल्या.

हातापायांना काय कळते ते पाहू. खऱ्या गाडीत वळताना टायर स्टिअरिंगला सरळ करू पाहतो, म्हणून ते जड लागते. टायर पकडीच्या शिखराजवळ आला की हे जडपण थोडे आधीच उतरू लागते. स्टिअरिंग अचानक हलके लागले तर समजावे की पुढची चाके आता घसरणार. चांगल्या सिम्युलेटरच्या स्टिअरिंगमागे मोटर असते, ती हीच सूचना हाताला देते. पडद्यापेक्षा ही मोटर महत्त्वाची, असे आमचे मत आहे. ब्रेकचे तर आणखी वेगळे. स्वस्त पेडल किती खाली गेले ते मोजते. महागडे पेडल किती जोराने दाबले ते मोजते. शर्यतीच्या गाडीचा ब्रेक जवळजवळ दगडासारखा असतो, तो पायाच्या जोरावरच ओळखावा लागतो. जोर मोजणारा हा भाग तुमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात असतो तसाच असतो. पालकांनी खर्च करायचाच असेल तर पडदा मोठा करण्याआधी पेडल बदलावे.

अंगाला काय कळते? इथे मात्र खोलीतली गाडी थकते. खुर्ची मागे कलवली तर पाठीवर दाब येतो आणि गाडीने वेग घेतल्यासारखे वाटते. पुढे कलवली तर ब्रेक लागल्यासारखे. हे कलणे सावकाश केले तर कानातल्या तोलाच्या इंद्रियाला फसवता येते. गुरुत्वाच्या निम्म्या जोराचा भास द्यायला खुर्ची ३० अंश कलवावी लागते. पूर्ण जोराचा द्यायला ९० अंश, म्हणजे माणूस आडवाच! फॉर्म्युला वन गाडीचा ब्रेक गुरुत्वाच्या सुमारे पाचपट जोराने लागतो. तो भास कोणतीही खुर्ची देऊ शकत नाही. आणि डोळे म्हणतात पळतो आहोत, कान म्हणतो बसलो आहोत, या भांडणात कित्येकांना मळमळते. तसे झाले तर लगेच उठावे, 'सवय होईल' म्हणून रेटू नये.

तर मग त्या चिठ्ठीचे उत्तर

जॅन मार्डनबरो हा कार्डिफचा मुलगा. त्याने २०११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रान तुरिस्मो या खेळावरून घेतलेल्या स्पर्धेत सुमारे ९०,००० स्पर्धकांतून पहिला क्रमांक मिळवला आणि त्याला खरी गाडी चालवायला मिळाली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या ल मॉं येथील २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. संघातला त्याचा एक जोडीदार होता स्पेनचा लुकास ओर्दोन्येस, याच स्पर्धेचा पहिला विजेता. तेव्हा उत्तर 'येईल' असे आहे. वळण कुठे सुरू करायचे, ब्रेक कसा हळूहळू सोडायचा, नजर किती पुढे ठेवायची, हे खोलीत शिकलेले रस्त्यावर उपयोगी पडते.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच होईल. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर एका चढाच्या माथ्यावरून मार्डनबरोची गाडी जाताना पुढचा भाग उचलला गेला, खाली हवा शिरली आणि गाडी कुंपणापलीकडे जाऊन पडली. तो वाचला. तिथे शर्यत पाहत उभ्या असलेल्या एका माणसाचा जीव गेला. २०२३ च्या चित्रपटात हा प्रसंग आहे, पण तो ल मॉंच्या यशाच्या आधी घडल्याचे दाखवले आहे. प्रत्यक्षात तो त्यानंतर दोन वर्षांनी घडला. हा क्रम बदललेला आम्हांला पटला नाही. एका माणसाचा मृत्यू नायकाच्या विजयाची पायरी म्हणून वापरला गेला.

सिम्युलेटरवर गाडी उलटली की एक बटण दाबायचे आणि पुन्हा सुरुवात. तिथे भिंतीपलीकडे कोणी उभे नसते. म्हणून तिथे हात शिकतो, डोळे शिकतात, पण भीती शिकत नाही, आणि भीती हेही गाडी चालवण्याचे एक ज्ञानच आहे. सतरा वर्षांचे होऊन तुम्ही खऱ्या गाडीत बसाल तेव्हा बाबांच्या गाडीचा टायर आणि रस्त्यावरची ओली पाने यांना तुमच्या फेरीची वेळ माहीत नसेल.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर: दोन तास नुसत्या फेऱ्या मारल्या तर तो खेळ आहे, आणि खेळायला हरकत नाही, गृहपाठ झाला असेल तर! शेजारी वही ठेवली, एका वेळी एकच गोष्ट बदलली (टायरमधली हवा, किंवा ब्रेक लावण्याची जागा), दहा फेऱ्यांच्या वेळा लिहून सरासरी काढली, तर तो विज्ञानाचा प्रयोग झाला. वही मराठीत ठेवली तर आम्ही वर्गात तपासूनही देऊ.

आता तुम्ही करायचे

दर वर्षी जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला स्टुडंट नावाची स्पर्धा असते. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या एका सीटच्या गाड्या तिथे येतात. नुसता वेग पाहत नाहीत, तर गाडीची रचना का अशी केली आणि खर्च किती आला, हेही परीक्षकांपुढे पटवून द्यावे लागते. मुंबईहून पवईच्या आय. आय. टी.चा संघ आपली विजेवर चालणारी गाडी घेऊन तिथे अनेकदा आला आहे. त्यांच्या तंबूत मराठी ऐकू येण्याचा संभव बराच आहे. मोठ्या गटाने जाऊन बोलावे.

या स्पर्धेत इंग्रजी आठाच्या आकाराच्या वाटेवर गाडी गोल फिरवण्याची एक परीक्षा असते. वाटेच्या मध्यरेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर. चांगल्या गाड्यांना एका वर्तुळाला ५ सेकंदांच्या आसपास लागतात. परीघ काढा, वेग काढा, वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा आणि आलेल्या संख्येला ९.८ ने भागा. तो झाला पकडीचा आकडा, म्यू. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर गणित चुकले असे समजू नका. ते जास्तच यायला हवे; शर्यतीचे तापलेले रबर रस्त्याला तितके धरते.

लहान गटासाठी हेच गणित पायांनी. येत्या शनिवारी हॉलमागच्या गवतावर ३ मीटर दोरीने वर्तुळ आखू. प्रत्येकाने एक फेरी पळायची, दुसऱ्याने वेळ मोजायची, तिसऱ्याने समोरून फोटो काढायचा. ५ सेकंदांत फेरी झाली तर अंग सुमारे २६ अंश आत कललेले दिसले पाहिजे; फोटोवर कोनमापक ठेवून पाहू, दिसते का. गवत ओले असेल तर वर्तुळ ५ मीटरचे करू. का, ते मोठ्या गटाने लहानांना मराठीत समजावून सांगायचे. बूट तळाला खाचा असलेले घालून या आणि एक जोडी कोरडे मोजे जास्तीचे आणा.